उंबऱ्यापासून सुरू कर

वकिलाच्या ऑफिसात तीन गोष्टी न मागता साठतात: फायली, धूळ आणि किस्से. फायली कधीतरी रद्दीत जातात, धूळ झटकता येते. किश्श्यांचं काय करायचं, हे मात्र कुठल्याच लॉ कॉलेजात शिकवत नाहीत.

परवा पनवेलच्या टपाल नाक्यावरून जाताना सवयीने पाय वळले, तर आमच्या जुन्या ऑफिसच्या जागी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान! आत शिरले. गरज नसताना एक कव्हर घेतलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, अजून काय दाखवू?" आता त्याला काय सांगू, की बाबा रे, तुझ्या काउंटरच्या जागी एक टेबल होतं, तेवढं दाखव!

टेबल ठोसर सरांचं. त्याच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला सलीम मुकादम. आम्ही दोघं सरांचे ज्युनियर म्हणून आलो आणि केस पांढरे झाले तरी ज्युनियरच राहिलो. काम एकाच जातीचं. कुठल्यातरी साहेबाने सहीच्या एका फटक्यात कुणाचं फिरणं, जमणं, बोलणं, परदेशी जाणं बंद केलं, की तो माणूस आमच्याकडे यायचा आणि आम्ही त्याला घेऊन हायकोर्टात. नव्या पक्षकाराला वाटायचं, आता जजसाहेब सगळा निर्णय स्वतःच घेणार. त्याला सर सांगायचे, "कोर्ट साहेबाच्या खुर्चीत बसत नाही हो. साहेब खुर्चीत बसला होता तेव्हा त्याचं डोकं जागेवर होतं का, एवढंच बघतं!"

सरांच्या दोन सवयी होत्या. पक्षकार ऑर्डरीचा कागद पुढे करायचा, तो सर बाजूला सारायचे आणि म्हणायचे, "हे मी नंतर वाचतो. तू उंबऱ्यापासून सुरू कर." म्हणजे घराबाहेर पाऊल टाकलंस की काय दिसतं, कुठे जातोस, कोण भेटतं, ते सांग. साहेबाने काय बंद केलं ते ऑर्डरीत असतं, पण माणसाचं काय गेलं ते त्यात नसतं, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला मी वैतागायचे. एकदा एक आजोबा उंबऱ्यापासून सुरू झाले ते थेट सासुरवाडीला पोचले!

दुसरी सवय अशी, की केस जिंकली तरी पेढे चालायचे नाहीत. जिथे जायला बंदी होती, तिथलं काहीतरी आणायचं. शेवग्याच्या शेंगा, विहिरीचं पाणी, वाटेवरच्या बोरीची बोरं, काहीही.

सर आता पुण्याला लेकीकडे असतात, फोनवर आवाज बारीक येतो. मुकादमने खारघरला टॉवरमध्ये ऑफिस घेतलंय. काचेचं दार, एसी, आणि गप्पांना कुणी नाही. त्या टेबलाची मला इतकी आठवण येते, की लिहायला बसले.

*

पहिला किस्सा लीलाकाकूंचा.

तळ्याकाठच्या पिंपळाखाली त्यांचं भजनी मंडळ दर गुरुवारी बसायचं. कुठल्याशा भांडणामुळे शहरात जमावबंदी लागली. पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही. भांडण मिटलं, भांडणारे एकमेकांच्या घरच्या मुंजीला जाऊन जेवून आले, पण साहेबांची बंदी काही उठेना. दर वेळी मुदतवाढ!

लीलाकाकू सरांकडे आल्या. "चौघी बसल्या तर चालतं का हो?"

"चौघी चालतात," सर म्हणाले.

झालं! त्या गुरुवारी पिंपळाच्या पारावर चौघी, तळ्याच्या पायरीवर चौघी, देवळाच्या ओट्यावर चौघी. मध्ये नीट अंतर. आणि भजन एकच! हवालदार धावत आला. "अहो काकू, हा जमाव आहे!"

लीलाकाकू टाळ न थांबवता म्हणाल्या, "आम्ही चौघीच आहोत. पलीकडच्यांनाही तेच भजन पाठ आहे, त्याला मी काय करू?"

पुढे आम्ही हायकोर्टात गेलो. बंदीचं कारण म्हणून साहेबांनी जे लिहिलं होतं, ते भलत्याच गावच्या मोर्च्याचं निघालं. जजसाहेबांनी ऑर्डर उडवली. मग पिंपळाखालचं काय आणणार? अख्खं मंडळ टाळ घेऊन ऑफिसात! पक्षकारांच्या खुर्च्यांवर, फायलींवर, जिन्यावर बायका. शेजारच्या वाण्याने गल्ला सोडून दारात येऊन हात जोडले.

लीलाकाकू आता नाहीत. पिंपळाखाली स्कूटर लावतात. बंदी कसलीच नाही, पण बसायला कुणी येत नाही.

*

मुकादमचा धाकटा भाऊ इरफान कुवेतला होता. रजेवर घरी आला आणि शेजाऱ्याच्या एका जुन्या तक्रारीवरून त्याचा पासपोर्ट जप्त झाला. ना नोटीस, ना विचारपूस. रजा संपत आली, तिकडून कंपनीचे फोन सुरू झाले, इकडे त्याच्या अम्मीने देवाला काय काय बोलून ठेवलं याचा हिशेब नव्हता.

सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "इरफान, उंबऱ्यापासून सुरू कर. कुवेतच्या."

इरफान डोकं खाजवत म्हणाला, "सर, आम्ही एका खोलीत पुष्कळ जण राहतो. उंबरा कुठला, बंक बेड आहे!"

"मग बेडवरून सुरू कर!"

कोर्टात सरांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. माणसाचा परदेशी जायचा हक्क काढून घेताय, तर निदान त्याला काय म्हणायचंय ते ऐका. जजसाहेबांनी सरकारी वकिलांना विचारलं, "ऐकलं होतं का?" त्यांनी फाईल उलटी केली, सुलटी केली, आणि मान खाली घातली. पासपोर्ट परत! इरफान पुढच्याच आठवड्यात उडाला. मुकादमच्या घरची बिर्याणी आम्ही बोटं चाटून खाल्ली.

तिकडून त्याचा पहिला फोन आला तेव्हा आम्ही तिघंही टेबलाशीच होतो. मुकादमने स्पीकर लावला.

"भाईजान, पोचलो. गर्मी फार आहे. अम्मीच्या हातचं आठवतंय. जरा ठोसर साहेबांना विचारा ना, तो पासपोर्ट पुन्हा जप्त करता येईल का?"

आम्ही पोट धरून हसलो. मुकादमही हसला, हसता हसता चहा सांगायला म्हणून बाहेर गेला, आणि बराच वेळ आला नाही. चहाही आला नाही.

*

आता बाळारामचं सांगते. बाकीचे किस्से खरं तर त्याच्यापर्यंत पोचायलाच सांगितले.

उरणच्या बाजूला खाडीकाठी त्याचं गाव. आजा-पणजाचं मिठागर, बापाची होडी, आणि आता घरात तो आणि त्याची आय. एका कंपनीला गोदामासाठी खाडीत भराव टाकायची परवानगी मिळाली. गावाने अर्ज केले, कुणी वाचले नाहीत. मग बाळारामने गावाला खाडीच्या बांधावर बसवलं आणि डंपर अडवले. एकदा नाही, अनेकदा. बेकायदा जमावाच्या केसेस झाल्या. आणि एक दिवस ऑर्डर आली: बाळाराम एका वर्षासाठी तडीपार! रायगड, ठाणे, मुंबई, कुठेच पाय ठेवायचा नाही.

निघायला दोन दिवस दिले होते, त्यात तो ऑफिसात आला तो ऑर्डर हातात चुरगाळूनच. सरांनी ती बाजूला सारली. "उंबऱ्यापासून सुरू कर."

"उंबऱ्याच्या भायेर पायरी, सायेब. पायरीच्या खाली खाडी. भरती आली का पानी पायरीवर चढतं. उधानाला उंबरा भिजतो. आय तितंच बसून निवट्या साफ करते."

मी घाटावरची. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे मासे, हे मला मुकादमने कानात सांगितलं.

"आणि तू कुठे असतोस?" सरांनी विचारलं.

"बांधावर. खाडी हाय का बगायला."

"खाडी कुठे जाणार?"

"जाते, सायेब. रोज थोडी थोडी जाते." मग तो टेबलाला धरून पुढे वाकला. "मना जेलात टाकला असता तरी चाललं असतं. पन मी गावाभायेर गेलो तं बांधावर कोन बसनार नाय. वर्सानं मी येन, तवा खाडी रायची नाय."

खरं होतं ते. पुढचा नंबर कुणाचा, हे बाकीच्या गावाला ऑर्डर न वाचताच कळलं होतं.

सरांनी मग ऑर्डर वाचायला घेतली. आत दोन गुप्त साक्षीदारांचे जबाब होते. भर बाजारात बाळारामने चाकू दाखवून धमकावलं म्हणे.

"चाकू?" बाळाराम ओरडला. "सायेब, मी मासं पन आयकडून कापून घेतो!"

*

तडीपार माणसाला कुठेतरी राहावं लागतं. पुणे जिल्हा ऑर्डरीत नव्हता, म्हणून बाळाराम घाट चढून लोणावळ्याला गेला आणि चिक्कीच्या दुकानात लागला. मिठागराच्या माणसाला गोडाच्या दुकानात नोकरी! मालक त्याला पाक चाखायला सांगायचा, तर हा म्हणायचा, "मीठ कमी हाय."

सुट्टीच्या दिवशी तो कड्यावर जाऊन बसायचा. तिथून कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो, आणि त्या अंगठ्याच्या पलीकडे आपलं गाव, असं त्याचं म्हणणं. मी एकदा म्हटलं, "अहो, एवढ्या धुक्यात काय दिसणार?"

"धुक्यात पन मना दिसतो," तो म्हणाला.

थंडीत त्याला पोपटीची, मडक्यात भाजलेल्या शेंगांची, आठवण आली. आता पोपटी लोणावळ्यात कुठून आणायची? वालाच्या शेंगा आपल्याकडच्या हव्यात, भांबुर्ड्याचा पाला हवा, मडकं हवं. गावातली चार माणसं हे सगळं पिशव्यांत भरून घाट चढली. आम्हा तिघांनाही आवतण होतं. गावाबाहेरच्या माळावर मडकं उपडं घातलं, भोवती जाळ केला, आणि धूर बघून मोटारसायकलवर हवालदार हजर!

"आग कुणी लावली? परवानगी कुठाय? तू कोण रे?"

बाळाराम घाबरला. ओळखपत्र म्हणून त्याच्या खिशात एकच कागद असायचा, तोच त्याने काढून दिला. तडीपारीची ऑर्डर!

आम्ही तिघं वकील, आणि तिघांनीही कपाळाला हात लावला.

हवालदाराने कागद वाचला. मग गावाचं नाव पुन्हा वाचलं. मग मडक्याकडे बघून नाक फुगवलं. "भांबुर्डा हाय का?"

"हाय," बाळाराम म्हणाला.

हवालदाराने टोपी काढली आणि मांडी घातली. अलिबागकडचा होता, बदलीवर आलेला. पोपटी फुटली, शेंगांचा वाफाळता ढीग केळीच्या पानावर पडला, आणि तो डोळे मिटून खात सुटला. खाता खाता म्हणाला, "तुमचं बरं हाय. तुमच्या ऑर्डरीवर कोर्टात तरी जाता येतं. माझ्या बदलीवर मी कुठं जाऊ?"

सरांनी शेंगेचा दाणा तोंडात टाकला आणि खुर्ची पुढे ओढल्यासारखे सरसावून बसले. "सरकारी नोकरांसाठी ट्रिब्युनल आहे की! उंबऱ्यापासून सुरू करा."

त्या हशात गावातला एक जण बाळारामला हळूच म्हणाला, "भराव बांधाला टेकला, बाला." बाळारामच्या हातातली शेंग तशीच राहिली. पुढे त्याने काही खाल्लं नाही.

*

केस कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या यादीत, यायची आणि वेळेअभावी पुढे जायची. सर लवकर सुनावणीचा अर्ज द्यायचे, त्या अर्जालाही तारीख पडायची. तडीपारीत ही एक गंमत असते. ऑर्डरीचं वर्ष स्वतःच्या पायाने संपून जातं आणि मग कोर्टात उभं राहायला काही उरतच नाही.

बाळाराम दुपारच्या सुट्टीत आयला व्हिडिओ कॉल करायचा. "आय, फोन खाडीकडं कर." आय फोन वळवायची. कधी खाडी दिसायची, कधी आयचं कपाळ, कधी नुसतं छप्पर. पण लाटेचा चुबुक चुबुक आवाज यायचा आणि तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

एकदा कागदावर सही घ्यायला मी आणि सर लोणावळ्याला गेलो होतो, तेव्हाच त्याने कॉल लावला.

"आय, फोन खाडीकडं कर."

"फोनचा डोला बिगडला रे," आय म्हणाली. "नाय दिसत काय."

"मंग आवाज ऐकव."

"ओटी हाय आता. पानी नाय."

"कालबी ओटी सांगितलीस."

"मंग? ओटी रोजच येते."

बाळारामने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाला, "आय, आज आवस हाय. आवसेला दुपारच्याला भरती असते. ओटी कशी?"

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. मग आयचा आवाज आला, "तू जेवलास का?"

परतीच्या वाटेवर सर घाटभर केसच्या तारखांची यादी उलटत होते. खाली आल्यावर म्हणाले, "वीणा, उद्या पुन्हा अर्ज देऊ. रोज देऊ."

*

शेवटी एकदाची केस सुनावणीला निघाली.

जजसाहेबांनी दोन्ही गुप्त जबाब शेजारी शेजारी ठेवले. एक वाचला, दुसरा वाचला. वाक्य तेच, शिवी तीच, चाकूची लांबीसुद्धा तीच! त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, "हे साक्षीदार जुळे भाऊ आहेत का?"

कोर्टात खसखस पिकली. सरकारी वकील म्हणाले, "माय लॉर्ड, माणूस फार धोकादायक आहे."

"भांडण एका बांधावरचं. मग तीन जिल्हे कशाला? आणि तीन जिल्हे बंद केलेत, तर पुणे का मोकळं सोडलं?"

सरकारी वकील बिचारे तरुण होते, सकाळीच फाईल हातात पडलेली. गोंधळून बोलून गेले, "माय लॉर्ड, पुण्याला समुद्र नाही."

जजसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे ह्यांचा गुन्हा समुद्राशी आहे?"

ऑर्डर रद्द! साहेबांनी डोकं चालवल्याचं कागदावरून दिसत नाही, असं कोर्टाने सभ्य इंग्रजीत लिहिलं. मी तिथूनच बाळारामला फोन लावला. वाटलं, नाचेल, ओरडेल. तो म्हणाला, "मॅडम, भरतीच्या टायमाला पोचेन का?"

मुकादमच त्याला गाडीतून आणायला गेला. घाट उतरल्याबरोबर बाळारामने एसी बंद करायला लावला आणि काच खाली केली. डोकं बाहेर काढून बसला.

"काय करताय, बाळारामभाऊ?"

"खाऱ्या वाऱ्याचा वास येतो का बगतंय."

पनवेल आलं, गेलं. गव्हाण फाटा आला, गेला. गाव जवळ आलं तरी त्याने डोकं आत घेतलं नाही. मुकादम सांगत होता, "मी आपलं म्हटलं, आज वारा पडलाय. दुसरं काय बोलणार?"

*

सरांनी ऑफिस बंद करायचं ठरवलं होतं. बाळारामची केस शेवटची, असं त्यांनी लेकीला कबूल केलं होतं. पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधून झाले होते, पुण्याचा टेम्पो ठरला होता, भिंतीवरच्या पाट्या उतरल्या होत्या. टेबल तेवढं राहिलं होतं, आणि टेबलाभोवती आम्ही तिघं, उगाच बसलेले. कुणालाच उठावंसं वाटत नव्हतं.

तेवढ्यात बाळाराम दारात आला. अंगात धुतलेला सदरा, हात मोकळे.

मुकादम त्याला चिडवायला म्हणून म्हणाला, "काय हो, रिकाम्या हाताने? आमच्याकडची पद्धत माहीत आहे ना? बंदी होती तिथलं काहीतरी आणायचं. आम्ही निवट्यांची वाट बघतोय!"

बाळाराम दारातून बाजूला झाला. त्याच्या मागे आय उभी होती. काष्टा घातलेलं लुगडं, अनवाणी पाय, दोन्ही हातांनी चौकट धरलेली. तिने आमच्या ऑफिसचा उंबरा आधी वाकून चाचपला आणि मग पाऊल आत टाकलं.

"सायेब," बाळाराम म्हणाला, "तितलं आता हीच रायली हाय. हिलाच आनली."

मुकादमने उठून आपली खुर्ची आयला दिली. ती बसली आणि तिने टेबलावर हात ठेवले.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी गठ्ठ्याची सुतळी सोडली. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "आय, उंबऱ्यापासून सुरू कर."

आयने बाळारामकडे बघितलं, मग सरांकडे.

"आमचा उंबरा भरतीला भिजायचा, सायेब. तितूनच सांगू ना?"